ओव्हाळकाकांची दुसरी तपासणी

सकाळी बेल वाजली की मी ओळखतो, समोरच्या ओव्हाळकाकांनी गॅस बंद केलाय. आता तो बंद आहे, हे मी जाऊन त्यांना सांगायचं.

ओव्हाळकाका विमानांतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे सरकारी सुरक्षा निरीक्षक. रेडिओ, काटे, वायरी. त्यांनी बोट ठेवलं की विमान जागचं हलत नाही. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणी स्वस्त तिकिटाचं विचारलं तर म्हणतात, "मी चढवत नाही, उतरवतो."

विमानात महत्त्वाची वायर एकाने जोडली की दुसऱ्याने ती स्वतंत्रपणे तपासायची, असा दंडक आहे म्हणे. काकांनी तो घरी आणला. गॅस ते बंद करायचे, मालतीकाकू तपासायच्या. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि शेजारधर्म म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मी दात घासत घासत जातो. काका भिंतीकडे तोंड करून उभे. त्यांचा चेहरा बघून माझं मत बनायला नको!

"बंद आहे, काका."

"बघून की हात लावून?"

"बघून."

"मग पुन्हा."

हा प्रश्न ते कुणालाही विचारतात. भाजीवाला टोमॅटो ताजे म्हणाला, "बघून की हात लावून?" माझ्या मेहुणीला स्थळ आलं, मुलगा चांगला आहे म्हटलं, तर तिथेही तेच. एकदा लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर असताना आकडा चारचा दिसला. काकांनी लाल चिठ्ठी लावून लिफ्टच बंद केली. गुडघे धरून जिना चढणारे आमचे चेअरमन कोकलले, "अहो, चालतेय ना यार!"

"बंद यंत्र परवडलं. खोटं बोलणारं नको," काका म्हणाले.

शेवटी मी वैतागलो. तोंडात फेस घेऊन रोज कुठवर हजेरी लावायची? गॅस आपोआप बंद करणारं एक यंत्र आणून त्यांना भेट दिलं. "आता दुसऱ्या माणसाची गरजच नाही, काका!" मी खुशीत होतो. काकांनी यंत्र उलटं करून बघितलं.

रविवारभर ते त्या यंत्राच्या मागे लागले होते. उघडलं, तापवलं, हलवलं, वीज काढून बघितली. त्यात एक खोट निघाली असती तर माझी हजेरी चालू राहणार होती, हे त्यांनाही कळत होतं. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर नसलेली खोटही काढून दाखवली असती. काका संध्याकाळी दारात आले. "पास आहे रे. झकास यंत्र आहे." इतक्या पडलेल्या आवाजातलं 'पास' मी पहिल्यांदाच ऐकलं.

सोमवारी बेल वाजली नाही. मी ऐसपैस दात घासले. मग पुन्हा घासले. मला करमेना. त्या घरात सकाळी दुसऱ्या माणसाचा तेवढाच एक आवाज होता आणि तो मी यंत्राला देऊन टाकला होता. फार वाईट वाटलं. जाऊन त्यांची बेल वाजवली.

"काका, आमचा गॅस मी बंद केलाय. दुसरी तपासणी कोण करणार?"

"तुझी संध्या आहे ना?"

"बायकोचं मत स्वतंत्र कसलं, काका? ते माझ्याविरुद्धच असतं."

काका शर्टाची बटणं लावतच आले. आमच्या गॅसच्या बटणावर त्यांनी हात ठेवला आणि तो काही केल्या उचलेनात.

"बंद आहे," ते म्हणाले.

"मग आता पेटवा," संध्या म्हणाली. "चहा टाकायचाय. तिघांचा."