नानांची नाडी

पट्टा मनगटावर चढला तेव्हा नाना फक्त फुकटची कॉफी शोधत होते.

नाना म्हणजे रुग्णालयाच्या नोंदी विभागाचे प्रमुख. आरोग्याची माहिती आणि तंत्रज्ञान या विषयावर मोठी परिषद भरली होती आणि दुपारी तिथे त्यांच्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडमचं भाषण होतं. टाळ्या वाजवायला आपलं कुणीतरी हवं, म्हणून मॅडमनी नानांना बरोबर आणलं होतं. वाटेतल्या स्टॉलवरची मुलगी गोड हसली, "काका, दोनच मिनिटं हं," म्हणाली आणि नाडी मोजणारा पट्टा खटकन बंद केला. तो पुन्हा उघडेचना.

"इंजिनिअर जेवायला गेलाय. संध्याकाळपर्यंत येईल."

"संध्याकाळपर्यंत? जेवतो तरी किती?"

नाना तसेच सभागृहात जाऊन बसले. व्यासपीठामागच्या भल्यामोठ्या पडद्यावर एक हिरवी रेघ उड्या मारत होती. तीच आपली नाडी, हे नानांना कळलं ते पहिल्या वक्त्याच्या भाषणात डोळा लागल्यावर. पट्ट्याशी जोडलेलं पडद्यामागचं यंत्र स्पष्ट आवाजात म्हणालं, "व्यक्ती झोपली आहे."

सभागृह खदखदून हसलं. वक्ता गोरामोरा झाला.

दुसऱ्या वक्त्याने धडाच घेतला. तो श्रोत्यांकडे पाठ फिरवून पडद्याकडे बघत बोलू लागला. रेघ खाली आली की विनोद सांगायचा, वर गेली की आकडेवारी. तिसरा तर थेट खाली उतरून नानांच्या खुर्चीसमोरच उभा राहिला. प्रायोजकांची पाळी आली तेव्हा संयोजक धावत आले आणि नानांच्या कानाशी लागले, "काका, एवढं करा, जरा जिना चढून-उतरून या ना! लाखमोलाचे पाहुणे आहेत हो." नाना जिना चढून-उतरून आले. धापा टाकत ते खुर्चीत कोसळले आणि यंत्र गरजलं, "व्यक्ती भारावली आहे." प्रायोजकांना टाळ्यांवर टाळ्या मिळाल्या.

चहाच्या सुट्टीत मॅडमनी नानांना खांबाआड गाठलं.

"नाना, माझ्या भाषणात ते यंत्र 'झोपली' म्हणालं ना, तर उद्या तुमचं टेबल शवागाराशेजारी. समजलं?"

"हो मॅडम." नानांची पाचावर धारण बसली.

मॅडम माइकसमोर आल्या आणि त्यांनी नानांवर नजर रोखली. रेघ उसळली. "माहिती म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न आपल्यालाच आहे असं वाटून नाना खुर्चीतून अर्धवट उठले. रेघ पडद्याच्या वरच्या कडेला टेकली. मॅडमना चेव चढला, आवाज चढला आणि त्याबरोबर नानांची नाडीही.

"व्यक्ती भारावली आहे. व्यक्ती फारच भारावली आहे!"

मागच्या रांगेतले एक हृदयरोगतज्ज्ञ पुटपुटले, "अहो, हे भारावणं नाही, हा माणूस घाबरलाय." लोकांनी त्यांना दटावून गप्प बसवलं. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. सर्वोत्तम वक्त्याची ढाल मॅडमना मिळाली.

ढाल घेऊन त्या थेट नानांकडे आल्या. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते.

"नाना, माझं बोलणं तुमच्या काळजाला इतकं भिडतं, हे मला कधी कळलंच नाही. मी मेली उगीच तुमच्यावर ओरडत राहिले. ते काही नाही, उद्यापासून तुमचं टेबल माझ्या केबिनमध्ये. अगदी माझ्या समोर. दिवसभर!"

नानांच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. पण नेमका त्याच वेळी इंजिनिअर ढेकर देत आला आणि त्याने पट्टा सोडवून घेतला. पडद्यावरची उसळती रेघ झपकन खाली आली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पसरली.

"बघा, बघा!" मॅडम सगळ्यांना कौतुकाने दाखवू लागल्या. "ऐकून जिवाला कसा गारवा मिळाला त्यांच्या!"

आणि डॉक्टरांनी गच्च भरलेल्या त्या सभागृहाने, ती सरळ रेघ बघत, पुन्हा एकदा टाळ्यांचा कडकडाट केला.