रहाडीतला बंदोबस्त

फौजदारांनी दंडावर ‘पोलीस मित्र’ लिहिलेली पांढरी पट्टी बांधली, तेव्हा वेणीमाधवांनी ती लाल अक्षरं मान वाकडी करून दोनदा वाचली. कचेरीत आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाला लिहिलेलं तपासल्याशिवाय चैन पडत नाही. शिवाय या पट्टीसाठी त्यांनी तीन वर्षं अर्ज केले होते. पत्नी इंदिरा प्रत्येक अर्जाच्या वेळी म्हणायची, “घरातलं मांजर तुमचं ऐकत नाही, गर्दी काय ऐकणार?”

“आजचा दिवस नीट पार पाडा, संध्याकाळी ओळखपत्र देतो,” फौजदार म्हणाले. “काही गडबड झाली तर पट्टी परत.”

अठ्ठ्याण्णव सालची रंगपंचमी होती. चौकातली रहाड म्हणजे पेशव्यांच्या काळापासूनचा दगडी हौद. वर्षभर बुजवलेला असतो आणि या एका दिवशी उघडून, पूजा करून पिवळ्या रंगाने काठोकाठ भरतात. मग अख्खं जुनं नाशिक त्यात उड्या मारतं. रहाडीजवळ कोरडा माणूस दिसला की त्याला उचलून आत टाकायचा, हा तिथला नियम. तो नियम पट्टीवाल्यांना लागू आहे की नाही, याबद्दल बंदोबस्ताच्या हुकमात काही लिहिलेलं नव्हतं.

दुपारी दोन वाजता गर्दीत एक पाकीटमार सापडला. नाव पुंजा. पन्नाशीचा, अंगात पांढरा शर्ट, वेणीमाधवांच्याच चणीचा. तेवढ्यात पलीकडच्या चौकात मारामारी झाल्याचा निरोप आला. फौजदारांनी चोरीचं पाकीट वेणीमाधवांच्या खिशात कोंबलं आणि पुंजाचं मनगट त्यांच्या हातात दिलं.

“मुद्देमाल तुमच्याकडे, चोरही तुमच्याकडे. गाडी येईपर्यंत सोडायचं नाही.”

फौजदार गेले.

“काका, मनगट दुखतंय,” पुंजा म्हणाला.

“दुखू दे.”

“निदान हात तरी बदला. उजव्यावरच पोट भरतंय आपलं.”

वेणीमाधवांनी विचार करून हात बदलला. तेवढ्यात गल्लीतला महेश पाच-सहा पिवळ्या मित्रांसह समोर आला.

“अरे, वेणूकाका कोरडे!”

“महेश, मी ड्यूटीवर आहे!”

“मग ड्यूटी पण भिजू दे ना काका!”

वेणीमाधव हवेत गेले. त्यांनी पुंजाचं मनगट सोडलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. त्यामुळे पुंजाही हवेत गेला. दोघे एकदमच रहाडीत पडले. पुंजाला पोहता येत नव्हतं. त्याने हाताला लागेल ते धरलं. आधी वेणीमाधवांचा दंड, मग गळ्यातल्या शिट्टीची दोरी. काठावर चढला तेव्हा पट्टी आणि शिट्टी दोन्ही त्याच्या हातात होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि दोन्ही अंगावर चढवली.

वेणीमाधव डोळे चोळत वर आले, तोवर गाडी आली होती. बंदोबस्ताला येवल्याहून आलेला हवालदार बारकू खाली उतरला. समोर दोन माणसं, नखशिखांत पिवळी. एकाच्या दंडाला पट्टी.

“ह्योच का चोर?” बारकूने पट्टीला विचारलं.

“ह्योच,” पुंजा म्हणाला. “घट्ट धरा हवालदार, लय चलाख हाय.”

“अहो, पोलीस मित्र मी आहे!” वेणीमाधव ओरडले.

“मग पट्टी कुठंय?”

“त्याच्याकडे!”

“आन् खिशात काय?”

खिशातून पाकीट निघालं. आतलं नाव वेणीमाधवांना सांगता आलं नाही. बारकूने त्यांना चौकीत नेऊन बाकावर, खिडकीशी बसवलं.

खिडकीतून चौक दिसत होता. तीन वर्षांचे अर्ज तिथे दुसऱ्याच्या दंडावर फिरत होते. आता पुंजा पळणार, ओळखपत्र तर गेलंच, आणि उद्या कचेरीत तोंड काय दाखवायचं? पण पुंजाला पळता येत नव्हतं. कोपऱ्यापाशी पोचला की कोणीतरी हाक मारी, “ओ पोलीस मित्र, इकडे या!” एका म्हातारीला त्याने रस्ता करून दिला. बायकांची रांग सरळ केली. मध्येच थांबून गर्दीतल्या एका पोराची कॉलर पकडली, थोड्या वेळाने दुसऱ्याची आणि दोघांना आपल्यासमोर बसवून ठेवलं.

“शिका जरा,” बारकू म्हणाला. “याला म्हणत्यात काम.”

चार वाजता इंदिरा थर्मास घेऊन आली. खिडकीतून वेणीमाधवांनी पाहिलं, ती थेट पट्टीकडे गेली. तिने चहा ओतला. पुंजाने शिट्टी बाजूला करून तो एका दमात संपवला, शिट्टी परत तोंडात धरली आणि नुसती मान डोलावली. मग इंदिरा हवालदारालाही घोटभर द्यावा म्हणून चौकीत शिरली.

“आमचे हे बाहेर काय छान काम करताहेत हो!” ती बारकूला म्हणाली. “सत्तावीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं.”

“इंदिरा!” बाकावरून आवाज आला. “त्या चहात साखर किती घातली होतीस?”

इंदिराच्या हातातलं झाकण खाली पडलं. “अगं बाई! तुम्ही?” ती जवळ आली. “तरीच! मघाशी चहाला नाव न ठेवता प्यायले, तेव्हाच शंका यायला हवी होती मला.”

त्याच वेळी फौजदार दारात आले. मागोमाग पुंजा आला, दोन्ही हातांत दोन कॉलरी.

“साहेब, हे दोघं पाकीटमार,” तो धापा टाकत म्हणाला. “यांच्या खिशात चार पाकिटं हायेत.”

फौजदारांनी पट्टीकडे पाहिलं, मग बाकाकडे, मग इंदिराकडे. तिने बाकाकडे बोट केलं.

“पळाला का नाहीस?” फौजदारांनी पुंजाला विचारलं.

“पळू कुठं देत्यात, साहेब? सगळे मदत मागत्यात. आन् ही पोरं माझ्या डोळ्यांदेखत माझ्या चौकात हात मारायला लागली. मला नाय बघवलं.”

पहिल्या पाकिटाचा मालक रहाडीतून शोधून आणला. तक्रार लिहून द्यायची का विचारल्यावर तो म्हणाला, “पाकीट मिळालं ना? मग जाऊ द्या, अजून दोन उड्या राहिल्यात.” तक्रारच नाही म्हटल्यावर फौजदारांनी पुंजाला दम भरून सोडला. डायरीत त्यांनी लिहिलं : पोलीस मित्राच्या सतर्कतेने दोन इसम ताब्यात. मग क्षणभर थांबून त्यांनी खण उघडला आणि वेणीमाधवांच्या हातात ओळखपत्र ठेवलं.

“पट्टीनेच काम केलंय,” ते म्हणाले. “पट्टी तुमची होती.”

घरी पोचेपर्यंत वेणीमाधवांनी ओळखपत्र चार वेळा खिशात चाचपलं. इंदिराने चहा पुढे केला. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

“छान झालाय,” ते म्हणाले.

इंदिराने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि रंगाखाली नक्की कोण आहे हे बघायला त्यांचा गाल जोराने घासायला सुरुवात केली.