देवीदासांनी पास केलेली गांडुळं

मागच्या खोलीतला दिवाण हलवून तिथे झाकणांचे बारा डबे मांडले गेले, तेव्हा कुसुमबाईंनी एवढंच विचारलं, "पाहुणे किती दिवसांचे?"

"मोठे अठ्ठावीस दिवस राहतील, आई. मग ते काढून घ्यायचे. त्यानंतर आणखी अठ्ठावीस दिवस त्यांची पिल्लं," शकु म्हणाली.

"म्हणजे आधी माहेरपण, मंग बाळंतपण. अन् यांच्यात बाई कोण, माणूस कोण?"

"एकाच अंगात दोन्ही असतात."

"अगं बाई! मंग हे भांडतात कोणाशी?"

शकु कृषी विद्यापीठात पीएचडी करत होती. एक नवं तणनाशक बाजारात येऊ घातलं होतं. ते मातीत मिसळलं तर गांडुळं जगतात का आणि त्यांना पिल्लं होतात का, हे तिला पाहायचं होतं. पण ऐन डिसेंबरात प्रयोगशाळेला रंग द्यायला काढला, आणि त्या वासात गांडुळं माना टाकू लागली. तिच्या मार्गदर्शक शैलजा मॅडम म्हणाल्या, "घरी थंड खोली असेल तर ने. उन्हाळ्याआधी प्रबंध गेला नाही, तर तुझं वर्ष जाईल." म्हणून कांचघर वस्तीतल्या या घरात गांडुळांचा गृहप्रवेश झाला. तीन डब्यांत साधी माती, तिनांत औषध निम्मं, तिनांत पूर्ण, तिनांत दुप्पट. प्रत्येक डब्यात मोजून दहा.

शकुचे वडील देवीदास यांना हे सगळं घराण्याला मिळालेल्या मानपत्रासारखं वाटलं. चौतीस वर्षं त्यांनी तोफांच्या कारखान्यात एक्झामिनरची नोकरी केली होती. लोखंडाचा तुकडा हातात घेतला की तो कुठे कच्चा आहे ते त्यांच्या बोटांना आधी कळे आणि मोजपट्टीला मागून. त्यांच्या सहीचा एकही नग परत आला नव्हता. आता त्यांची मुलगी डॉक्टर होणार होती. शेजारच्या लीलाबाई विरजण मागायला आल्या, की त्यांना आधी मागच्या खोलीत नेलं जाई.

"पाहा, आमच्या शकुचे गांडुळं. एकशेवीस नग!"

"बाप्पा! डॉक्टर होऊन हेच तपासन का पोरगी?"

"माणसाले तपासणारे पुष्कळ आहेत, लीलाबाई. जमिनीची नाडी पाहणारी ही एकच आहे."

कुसुमबाई स्वयंपाकघरातून हसत. भाकरी थापता थापता त्यांनी त्या पाहुण्यांवर दोन ओळीही जुळवल्या होत्या:

काळ्या मातीमंदी बाई लाल सुई चालली,
दोऱ्यावाचून तिनं सारी भुई शिवली.

आठव्या दिवशी शकु विद्यापीठात गेली असताना देवीदासांनी दुप्पट औषधाच्या एका डब्याचं झाकण सहज उचललं. वर एक गांडूळ आडवं पडलं होतं. बोट लावलं, हललं नाही. काडी लावली, हललं नाही. दहाच्या लॉटमध्ये एक नग कमी! पोरीचा रिझल्ट लागायचा, आणि मोजणीत नऊ निघणार?

त्यांनी मेलेलं गांडूळ उचललं. परसातल्या शेणखताच्या ढिगातून तसंच लाल, तेवढंच लांब गांडूळ शोधलं. गळ्याशी फुगीर पट्टा असेल तरच ते वयात आलेलं, हे शकुनेच त्यांना शिकवलं होतं. पट्टा पाहिला, फूटपट्टी लावली आणि नग डब्यात सोडला. डबा पुन्हा दहाचा झाला. दुपारी ते खूप दिवसांनी गाढ झोपले.

पण दुसऱ्या दिवशी दोन गेले. तिसऱ्या दिवशी बाजूच्या डब्यातही एक. आठवड्याभरात परसातला ढीग रिकामा झाला.

"तुम्ही रोज खताचा ढीग काहून उकरून राहिले?" कुसुमबाईंनी विचारलं.

"हवा देऊन राहिलो."

"शेणाले?"

"शेणाले हवा लागते. तू भाकरी पाहा."

मग ते सायकल काढून थेट नर्मदेवरच्या ग्वारीघाटला गेले. तिथे एक नावाडी गळाला लावायला गांडुळं विकत असे. देवीदास त्याच्यासमोर उकिडवे बसले, चष्मा चढवला, फूटपट्टी काढली आणि एकेक नग तळहातावर घेऊ लागले.

"यह मोटा है. यह काला है. इसका पट्टा नहीं बना. यह चलेगा. यह पूँछ से कटा है, रिजेक्ट."

नावाडी बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "बाबूजी, इतना तो मछली भी नहीं देखती."

"मछली को डिग्री नहीं लेनी है, भैया," देवीदास म्हणाले. दहा पास केले, चौदा नापास केले, आणि डबी छातीशी धरून नर्मदेला हात जोडून परतले.

अठ्ठाविसाव्या दिवशी शकुने वर्तमानपत्र पसरलं आणि एकेका डब्यातली माती त्यावर हाताने काढली. साध्या मातीत दहा, निम्म्या औषधात दहा, पूर्ण औषधात दहा. दुप्पटच्या शेवटच्या डब्यातही दहा निघाले, तेव्हा ती खालीच बसली.

"बाबा, एकही मेलं नाही! असं कसं?"

"आपल्या घरचं पाणी चांगलं आहे," देवीदास म्हणाले आणि छताकडे पाहू लागले.

शैलजा मॅडमनी आकडे दोनदा वाचले. "पिल्लं मोजेपर्यंत कुठे बोलू नको," त्या म्हणाल्या. पण आकड्यांना पाय असतात. औषध कंपनीचे भय्यासाहेब दुसऱ्याच दिवशी मोटारीतून कांचघरला आले, सोबत खोव्याची जिलेबी. रविवारी शहपुऱ्याला त्यांनी शेतकऱ्यांची सभा ठेवली होती. तिथे शकुने चार शब्द बोलावे आणि तिच्या वडिलांचा सत्कार व्हावा, असा त्यांचा आग्रह होता.

"मॅडम नको म्हणाल्या आहेत," शकु कुजबुजली.

"सत्कार माझा आहे, तुझा कुठं आहे? तू फक्त सोबत चाल," देवीदास म्हणाले. त्यांनी कोटाला इस्त्री केली.

सभेत खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. देवीदासांना व्यासपीठ फार उंच वाटलं आणि बरंही वाटलं. भय्यासाहेबांनी माइकवर सांगितलं, की या बाबूजींच्या घरी दुप्पट औषधातही गांडूळ मेलं नाही. टाळ्या झाल्या. त्या विरल्या तशी मागच्या रांगेतून एक म्हातारा शेतकरी उठला. पायांना ओली माती तशीच होती. हे औषध शेतात टाकलं तर आपली गांडुळं वाचतील का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"बाबूजी, हमाई जमीन तो केंचुआ के भरोसे है. जा दवा हम डारें, तो बे बचहें? आप तो घर में रोज देखत रहे. सच्ची बताओ, एकउ नईं मरो?"

देवीदासांच्या हातातला नारळ एकदम जड झाला. इतके दिवस त्यांना वाटत होतं, परीक्षा शकुची आहे. परीक्षा औषधाची होती. ते नापास होत होतं, आणि त्यांनी रोज सकाळी ते पास केलं होतं. या म्हाताऱ्याच्या शेतात ते जाणार होतं, त्यांच्या शब्दावर.

त्यांनी शकुकडे पाहिलं. ती कौतुकाने त्यांच्याकडेच बघत होती. तेच सगळ्यात अवघड होतं.

"मरे," देवीदास माइकमध्ये म्हणाले. "इकतालीस मरे."

भय्यासाहेब हसले. "बाबूजी मज़ाक कर रहे हैं."

"मज़ाक नहीं है. जो मरा, उसको मैं बदल देता था. लड़की का लॉट था साहब, कम कैसे पड़ने देता? उसको कुछ नहीं मालूम." त्यांनी शाल उतरवली, चौघडी केली, तिच्यावर नारळ ठेवला आणि दोन्ही भय्यासाहेबांच्या हातात दिलं. "चौंतीस साल में पहली बार गलत माल पास किया. इसे वापस लिख लीजिए."

म्हाताऱ्या शेतकऱ्याने टाळी वाजवली. एकट्यानेच.

परतीच्या बसमध्ये शकु खिडकीबाहेर बघत राहिली.

"बोल ना काहीतरी. चिडली?"

"महिना वाया गेला, बाबा."

"हो."

"गांडुळं मेली असती तरी मी पासच होते."

"ते मले सभेत समजलं," देवीदास म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारलं, "डबे उलटे करून पाह्यले का तू?"

घरी येऊन शकुने डबे उलटे केले. बुडाशी खडूच्या बारीक रेघा होत्या, चार उभ्या आणि त्यांवर एक आडवी, कारखान्यात बाद नगांच्या पेटीवर मारतात तशा. साध्या मातीच्या तीन डब्यांखाली काहीच नव्हतं. निम्म्या औषधाखाली मिळून चार रेघा, पूर्णखाली बारा, दुप्पटखाली पंचवीस. जसजसं औषध चढलं होतं, तसतशा रेघा चढल्या होत्या.

"बदललं, पण खोटं नाही मांडलं," देवीदास दारातूनच म्हणाले. आत यायची त्यांची हिंमत नव्हती.

सोमवारी शकुने रेघा वहीत उतरवून मॅडमसमोर ठेवल्या. मॅडम खूप वेळ हसल्या, मग गंभीर झाल्या. "हे छापता येणार नाही. त्यात नवीन टाकलेलीही मेली असतील. प्रयोग पुन्हा कर. उन्हाळ्याच्या आत होतो. आणि भर सभेत स्वतःच्या मुलीचे आकडे रद्द करणाऱ्या माणसाला माझा नमस्कार सांग."

प्रयोगशाळेच्या रंगाचं काम सरकारी असल्यामुळे तोवर दीडच भिंत झाली होती. डबे पुन्हा कांचघरला आले. नवी माती, नवी गांडुळं. या वेळी देवीदास रोज डब्यांसमोर खुर्ची टाकून बसत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. झाकणाला ते शिवले नाहीत, कुसुमबाईंना शिवू दिलं नाही, आणि ढिगाला हवा देणंही बंद झालं.

फेब्रुवारीत शकुने पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. मोजणी संपली, तिने वहीवर सही केली आणि वडिलांना खूण केली. देवीदास उठले, पायात चपलाही न घालता अंगणात आले. कुंपणापलीकडे लीलाबाई वाळवण घालत होत्या.

"लीलाबाई, झाली मोजणी! नव्वदातले त्रेचाळीस मेले! अन् साध्या मातीतला एकही नाही! माझ्या पोरीनं मोजलेले, एकूणएक खरे!"

त्यांचा चेहरा असा उजळला होता, की लीलाबाईंना हळहळावं की अभिनंदन करावं ते कळेना. त्या दोन्ही हातांत कुरडई तशीच धरून उभ्या राहिल्या आणि अखेर म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा. तुमच्या मेहनतीचं चीज झालं."