जुनी प्रत जमा करा

मोडककाकांनी माझ्या दाराच्या चौकटीवरून एका जित्याजागत्या माणसाचं नाव ब्लेडने खरवडून काढलं, तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मी आत ताक घुसळत होते. खर्र, खर्र असा आवाज आला. उंदीर असेल म्हणून झाडू घेऊन बाहेर आले, तर काका गुडघ्यांवर बसलेले. एका हातात भिंग, दुसऱ्यात अर्धं ब्लेड.

"झालंच, इनामदारबाई," वर न बघता ते म्हणाले. "लाकडाला धक्का लावलेला नाही."

ते नाव त्यांच्याच लेकराचं होतं. टाउनशिपमधली मुलं माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची आणि दर वाढदिवसाला चौकटीवर पेन्सिलीने आपली उंची मांडून जायची. काकांनी रेघा तशाच ठेवल्या, सहा ठिकाणचं नाव तेवढं काढलं. कोणतं नाव, ते मी इथे लिहिणार नाही. माझीही प्रत जमा झाली आहे. म्हणजे काय, तेच सांगायला बसले आहे.

काका भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. काम एकच. एखादं ड्रॉइंग सुधारलं की आधीच्या सगळ्या प्रती शॉपमधून, म्हणजे यंत्रं चालतात त्या विभागातून, गोळा करायच्या, त्यांच्यावर 'रद्द'चा शिक्का मारायचा आणि फाडून टाकायच्या. "जुनी प्रत मशीनवर राहिली, बाई, की माणूस कितीही हुशार असो, जुनाच पुर्जा बनवतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. एका फिटरने जुनी प्रत जेवणाच्या डब्यात लपवली होती, ती काकांनी पोळ्यांच्या खालून काढली म्हणतात. त्यावर भेंडीची भाजी सांडली होती. त्या भाजीवरही शिक्का उमटला, असं सांगणारेही आहेत.

निवृत्त झाले तरी लाल पेन्सिल खिशातच राहिली. समोरच्या मिश्राभाभींच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी आहेराबरोबर तपासून परत दिली. हबीबगंज स्टेशनचं नाव बदललं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते नवं नाव घ्यायला लागले. रिक्षावाला "मतलब हबीबगंज ना, अंकल?" म्हणाला की हे खाली उतरायचे आणि चालत निघायचे. "बदललं म्हणजे बदललं. त्यात आपल्याला काय वाटतं, हा प्रश्नच नाही."

आमची टाउनशिप आता निम्मी रिकामी आहे. ओळीत एखाद्या क्वार्टरमध्ये माणसं, बाकीच्यांच्या खिडक्यांतून घाणेरीची झुडपं बाहेर डोकावतात. दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की कुठेतरी मोर ओरडतो, आणि मग काही म्हणजे काही ऐकू येत नाही. नेमक्या त्या वेळी काका फिरायला लागले. पायात कॅनव्हासचे बूट, त्यामुळे चाहूल नाही. काखेत ड्रॉइंगची लांब नळी. आपण सहज मान वर करावी तर जाळीच्या दारापलीकडे ते उभे, किती वेळ कोण जाणे. जवळ गेलं की अमोनियाचा वास. ड्रॉइंगच्या प्रिंट अमोनियावर काढायचे, तो वास अंगातून गेलाच नव्हता.

"आमच्याकडची एखादी जुनी प्रत असेल तुमच्याकडे," ते म्हणायचे. "जमा करा."

लोक घाबरून देऊन टाकायचे. वाढदिवसाचे फोटो, शाळेचं मासिक, स्नेहसंमेलनाची पत्रिका. पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर मुलांनी ओल्या सिमेंटमध्ये कोरलेल्या नावांतलं एक नाव एका दुपारी बुजलं. शाळेतल्या गुणवंतांच्या फळ्यावर एका ओळीत कोरा चौकोन आला. ग्रंथालयातली जुनी कार्डंसुद्धा सुटली नाहीत. महिन्याभरात एक मूल आमच्या वस्तीतून पुसलं गेलं, जणू कधी जन्मलंच नव्हतं.

"दीदी, जीते-जी कोई अपने बच्चे का नाम मिटाता है क्या?" मिश्राभाभी कुजबुजल्या. "भोत डर लगता है. और घर में किससे बात करते हैं? अकेले ही तो हैं."

मोडककाकू जाऊन आठ वर्षं झाली होती. तरी दुपारी त्या घरातून काकांचा आवाज यायचा, हे खरं होतं. मध्येच थांबायचा, जणू समोरचं कोणी बोलतंय.

मला भीती वाटत होती, पण माझी भीती वेगळी होती. मला त्यातलं थोडं ठाऊक होतं आणि त्यात माझा हात होता.

मोडकांकडे एक रीत होती. रविवारी जेवताना फक्त इंग्रजी. लेकरू नोकरीला बेंगळुरूला गेलं, तरी दर रविवारी फोनवर तासभर बापलेकांचं इंग्रजी चालायचं. दोन वर्षांपूर्वी त्या लेकराने एक पत्र पाठवलं. मी बाई नाही आणि पुरुषही नाही, माझं नाव आता निहार आहे, आणि इंग्रजीत माझ्याबद्दल बोलताना 'शी' नको, 'दे' म्हणा, एवढंच मागणं होतं. तीन पानं लिहिली होती, फार जपून.

काकांनी ते पत्र तपासलं. जिथे जिथे 'दे' होतं तिथे लाल पेन्सिलीने 'शी' केलं. खाली ड्रॉइंगवर असतो तसा चौकोन आखला, 'तयार केले'पुढे स्वतःची सही केली आणि 'तपासले' यासाठी कागद माझ्याकडे आणला. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई. एका माणसाला अनेकवचनी 'दे' म्हणणाऱ्या कैक पोरांचे मार्क मी कापले आहेत. "काय एकेक फॅड निघतात!" म्हणत मी सही ठोकली. पत्र धड वाचलंही नाही. काकांनी ते रजिस्टर पोस्टाने बेंगळुरूला परत पाठवलं. त्यानंतर एकाही रविवारी फोन वाजला नाही.

चौकट खरवडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मनाचा हिय्या करून त्यांच्या घरी गेले. दार लोटलेलं होतं. आत काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ताट वाढलेलं, वरणभातातून वाफ निघत होती. त्या खुर्चीच्या बाजूला बघत ते सावकाश इंग्रजीत म्हणत होते, "दे टेक लेस सॉल्ट. दे आर व्हेरी टायर्ड. दे हॅव कम बाय द मॉर्निंग ट्रेन."

मी मागे फिरणार, इतक्यात भिंत दिसली. छताखालपासून दिव्याच्या बटणापर्यंत आमच्या सगळ्यांकडून नेलेल्या प्रती लावलेल्या होत्या. एकही फाडलेली नव्हती. प्रत्येकीवर जुनं नाव खरवडून त्या जागी ड्रॉइंग ऑफिसच्या सुंदर, सरळ अक्षरांत लिहिलेलं होतं: निहार.

"सुधारित प्रती," काका म्हणाले. "तपासून झाल्या की ज्याच्या त्याला परत. तुमच्या चौकटीचंही उद्या होईल."

त्यांनी एक पोस्टकार्ड पुढे केलं. दोन वर्षांनी आलेलं उत्तर. एकच ओळ होती: बाबा, तुम्ही मला जुन्या प्रतीवरून तपासलंत.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तीस वर्षं लोकांच्या डब्यातून जुन्या प्रती काढल्या आणि माझ्याच खिशात एक राहिली. माफी मागितली मी. निहार येत्या रविवारी येणार आहेत. मला म्हणालेत, जुनं काही ऐकू आलं तर त्याच गाडीने परत. वस्तीचं मी बघितलं, बाई. पण ही एक प्रत कशी जमा करू?" आणि त्यांनी बोट स्वतःच्या जिभेकडे नेलं.

निघताना त्यांनी एक लिफाफा दिला. आत फ्रॉकमधल्या दोन वर्षांच्या बाळाचा फोटो होता. मागे जुनं नाव, त्यावर शिक्का: रद्द, केवळ संदर्भासाठी. "नियमाने एक प्रत ठेवता येते," ते खाली बघत म्हणाले. "पण त्यांच्या डोळ्यांसमोर नको. तुमच्याकडे राहू दे. मी अधूनमधून येऊन बघत जाईन."

रविवारी दुपारी अडीचला माझ्या दाराशी कोणीतरी उभं होतं. आखूड केस, काकूंसारखी हनुवटी, बोट चौकटीवरच्या ताज्या अक्षरांवरून फिरत होतं.

"बाई," निहार म्हणालं, "बाबा सकाळपासून एक शब्द बोललेले नाहीत. नुसती मान हलवतात. पाणी हवं का, तेसुद्धा चिठ्ठीवर लिहून विचारलं. अजून राग आहे का त्यांचा?"

"राग कसला! चुकू या भीतीने तोंड शिवून बसलेत," मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. "आणि त्या पत्रावर 'तपासले' म्हणून सही माझी होती, बाळा. मी चुकले."

"अक्षर ओळखलं होतं मी," ते लेकरू शांतपणे म्हणालं. त्या वाक्याने मला जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी लिफाफा आणून त्याच्या हातात दिला. फोटो, शिक्का, दोन्ही बघून त्याने डोळे पुसले आणि मला हाताला धरून मोडकांच्या घरी नेलं.

काका टेबलाशी तसेच बसलेले. निहारने फोटो त्यांच्यापुढे पालथा ठेवला. "बाबा, आज रविवार आहे. बाई आल्यात. त्यांना सांगा, कोण आलंय."

काकांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. "शी..." म्हणाले आणि थिजले. भिंतीवरचे सगळे फोटो जणू ऐकत होते. काकांचा हात खिसा चाचपू लागला. निहारने टेबलावरची लाल पेन्सिल उचलून त्यांच्या बोटांत दिली आणि परतीच्या गाडीला निघून गेलं नाही, शेजारची खुर्ची ओढून बसलं.

काकांनी हवेतच एक रेघ मारली. मग मला म्हणाले, "दे हॅव कम होम, इनामदारबाई. दे हॅव नॉट ईटन." आणि घळाघळा रडायला लागले. दोन वर्षांत लेकराबद्दल बोलायला त्यांच्याजवळ एका खुर्चीशिवाय कोणी नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

जेवणं झाल्यावर त्या फोटोमागे नवं नाव आलं, निहारच्या हातचं. खाली काकांनी चौकोन आखला, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

'तपासले'पुढे मी सही केली. या वेळी चष्मा लावून, सगळं वाचून.