भिंतीपलीकडचे आंब्रेभाऊ

आंब्रेभाऊंना किती वाजले विचारलं, तर ते आधी मागे वळून बघायचे. मग बाही खाली ओढून घड्याळ झाकायचे आणि विचारायचे, "कशासाठी हवंय, चाची?"

आता काय सांगणार? भात चुलीवर आहे म्हणून हवंय!

हे आंब्रेभाऊ मूळ सावर्ड्याचे. रत्नागिरीत आमच्या शेजारच्या खोलीत चार वर्षं भाड्याने राहिले. मधे एकच चिऱ्याची भिंत, आणि तीही कौलापर्यंत न पोचलेली. पोलिसांच्या गुप्त शाखेत होते. विचारलं की सांगायचे, "शेतकी खात्यात." पण लुंगीखाली पोलिसांचे तांबडे बूट घालून नळावर येणारा शेतकी खात्यातला माणूस आमच्या मोहल्ल्यात दुसरा कुणी पाहिला नव्हता.

आम्ही हसायचो, पण घाबरत हसायचो. घरटी एक माणूस कुवेतला नाही तर दुबईला. पासपोर्टची चौकशी त्याच शाखेतून व्हायची. भाऊंनी एक ओळ वाकडी लिहिली की पोरगा घरी बसला. म्हणून त्यांच्या दाराची कडी वाजली की माझा आवाज आपोआप खाली यायचा. आमचे हे तर कुजबुजायचे, "हळू गो, भिंतीला भाऊ आहे."

भाऊंचं रोजचं काम होतं आमदारांकडे. मला ते ठाऊक, कारण आमदारांना माझ्या हातची तांदळाची भाकरी लागायची. सकाळी नऊला टोपली घेऊन मी बंगल्याच्या स्वयंपाकघरात जायची. तिथली खिडकी व्हरांड्यावर उघडायची, आणि व्हरांड्यातल्या बाकावर भाऊ बसलेले असायचे, मांडीवर छोटी डायरी.

"काय आंब्रे, लोक काय म्हणतात आमच्याबद्दल?" आमदार विचारायचे.

"साहेब, उकाडा फार म्हणतात."

"आणि आमचे विरोधक?"

"त्यांनाही उकडतंय, साहेब."

मग आमदार आज कुठे लग्न, कुठे मयत, कुठे भूमिपूजन ते सांगायचे आणि भाऊ लिहून घ्यायचे. आमदार म्हणायचे, माझ्याबरोबर आणखी एक बंदूकवाला द्या. भाऊ म्हणायचे, "वर कळवतो." त्या फौजदाराची बदली करा. "वर कळवतो." हो पण नाही, नाही पण नाही. सवय इतकी हाडात मुरलेली, की मी एकदा कालवण पाठवून विचारलं, "तिखट झालं का हो?" तर म्हणाले, "वर कळवतो."

आमच्या ह्यांना एकदा नळावर त्यांनी समजावलं होतं. "आमदाराला नाही म्हणायचं नसतं आणि सांगायचं तर काहीच नसतं. पण जायचं रोज. एक दिवस चुकलो तर त्यांना वाटतं, हा कुठेतरी बसून माझ्यावरच लिहितोय."

"आणि लिहिता का?" ह्यांनी विचारलं. भाऊंनी मागे वळून पाहिलं आणि बादली उचलली.

चौथ्या वर्षी मार्चात माझ्या इम्तियाजचे पासपोर्टचे कागद चौकशीला भाऊंच्याच टेबलावर आले. आणि त्याच महिन्यात मोहल्ल्याचा नळ कोरडा पडला. वीस दिवस थेंब नाही. अर्ज झाले, बंगल्यावर खेपा झाल्या. शेवटी एका दुपारी भाऊंच्या दाराला कुलूप बघून आम्ही बायका माझ्या पडवीत बसलो. ठरलं असं, की बंदरावरच्या नव्या धक्क्याच्या उद्घाटनाला मंत्री येणार, तेव्हा रिकामे हंडे घेऊन रस्त्यातच बसायचं. मीच सगळं ठरवलं. कुणी कुठे उभं राहायचं तेसुद्धा.

बायका उठल्या, आणि भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला.

कुलूप पुढच्या दाराला होतं. भाऊ मागच्या दाराने येऊन आत होते!

शेजारची जुलेखा म्हणाली, "आता काय गो बाय?" काय सांगू तिला? मागे सरलं तर पाणी गेलं, पुढे गेलं तर पोराचा पासपोर्ट. दोन दिवस भाऊ समोर आले की मी पदर तोंडाला लावायची. पण पुढाकार माझा, मग मीच कशी घरात बसू?

गेलो. बसलो. मंत्री गाडीतून उतरले, हंडे बघून त्यांनी आमदारांना चारचौघांत विचारलं, "हे काय?" आमदारांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला. चेहरा त्या चष्म्याहून काळा. मग पोलिसांनी दंडुके आपटले, आम्ही पळालो, आणि पळताना माझा हंडा तिथेच राहिला.

आता माझा शहाणपणा ऐका. बाकीच्या जणी प्लास्टिकच्या कळश्या घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, मंत्र्यासमोर जायचं, भांडं चांगलं न्यावं. म्हणून नेला लग्नातला पितळेचा हंडा. चोरीला गेला तर ओळख पटावी म्हणून माझ्या बापाने त्याच्या गळ्यावर नाव कोरून घेतलेलं: चि. हमीदा, पावस. चांगलं खोल, बोट फिरवलं तरी कळेल असं.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या न्याव्या तर भीती, न न्याव्या तर जास्त भीती. नेल्या. खिडकीतून पाहते तर माझा हंडा आमदारांच्या खुर्चीशेजारी! आणि भाऊ आज बाकावर नव्हते, समोर उभे होते.

"आंब्रे, तुझ्याच मोहल्ल्यातल्या बायका. तुला वास आला नाही?"

"आला होता, साहेब. वर कळवलं होतं."

"वर? आणि मला?"

"साहेब, मी वरचा नोकर. इथे नमस्काराला येतो."

आमदारांनी भाकरीचा तुकडा ताटात टाकला. माझीच भाकरी. "पुढारी कोण ते सांग. नाहीतर असल्या गावी पाठवीन की समुद्र चित्रात बघावा लागेल."

आमदारांनी पायाने हंडा पुढे ढकलला. "ह्यावर काहीतरी कोरलंय म्हणाला ड्रायव्हर. मला दिसत नाही. वाच."

भाऊंनी हंडा उचलला, उजेडाकडे धरला. एकदा मागे वळून बघितलं. खिडकीत मी. आमची नजरानजर झाली. माझ्या डोळ्यांपुढे इम्तियाज उभा राहिला, कोरा शर्ट घालून फोटो काढायला गेलेला.

"'सप्रेम भेट' आहे, साहेब," भाऊ म्हणाले. "पुढचं झिजलंय."

"आण इकडे. आमचा सेक्रेटरी बघेल."

"नको साहेब. जप्तीचा माल आहे. तुमच्या बंगल्यात सापडला तर उद्या विरोधक विचारतील. मी जमा करतो."

आणि हंडा काखेत मारून, तांबडे बूट घालून, माणूस चालता झाला. हंड्यावरचा हात मात्र बरोबर माझ्या नावावर होता. मी ओट्यापाशी खालीच बसले. स्वयंपाकीण म्हणाली, "चाची, चक्कर आली का?" मी म्हटलं, "उकडतंय."

संध्याकाळी हंडा माझ्या पायरीवर होता. काठोकाठ भरलेला. पाणी कुठून आणलं, विचारायची सोय नव्हती.

आठवड्याने नळ आला. महिन्याने इम्तियाजचा पासपोर्ट आला. आणि त्याच्या पाठोपाठ भाऊंच्या बदलीचा कागद, पार विदर्भाच्या टोकाला.

जायच्या आदल्या दिवशी मी घावणे आणि नारळाचा रस घेऊन गेले. खोलीत एक ट्रंक, एक वळकटी, एक स्टोव्ह. चार वर्षांत मी ती खोली आतून पहिल्यांदा पाहिली. मी म्हटलं, "भाऊ, माझ्यामुळे झालं हे."

"बदली आहे, चाची. होतेच." मग मागे न बघताच म्हणाले, "माझी एक तक्रार होती पण."

मी ताट हातातच धरून ठेवलं.

"मी घरात शिरलो की तुम्ही हळू बोलायचात. चार वर्षं. सावर्ड्याला घर आहे, त्या घरात आता कुणी नाही. इथे आलो की वाटायचं, जरा मोठ्याने बोलतील तर आपल्याही घरात माणसं आहेत असं वाटेल. त्या दिवशी दुपारीसुद्धा कान लावायला आलो नव्हतो. तुम्ही सगळ्या मोकळ्या आवाजात बोलत होतात, ते ऐकत पडलो होतो."

मी ताट ठेवलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठले आणि जे तोंड सोडलं ते सोडलंच. ह्यांना ओरडले, कोंबड्याला शिव्या दिल्या, बॅग भरणाऱ्या इम्तियाजला भिंतीशी उभी राहून विचारलं, "मोजे भरलेस का रे?" हे घाबरले. "अगो, भाऊ आहेत!"

"आहेत म्हणूनच!" मी ओरडले. "आणि हे कालवण! मीठ जास्त झालं मेलं!"

पलीकडे ट्रंकेची कडी लागली. मग चार वर्षांत पहिल्यांदा कौलांखालून आवाज आला, "चाची, कोकम टाका दोन. उतरेल."