फाटकाचा खांब

"उद्या अकरा वाजता एकजण जागा बघायला येतोय," शनिवारी सकाळी गाडीतून उतरता उतरता बाईंनी सांगितलं. "पसंत पडली तर विकून टाकायची."

घड्याळजींच्या हातातली पिशवी खाली पडली. दोन खोल्या, एक विहीर, वीसेक झाडं आणि भोवती तारेचं कुंपण, एवढाच तो पसारा. पण आठवडाभर डोळ्याला भिंग लावून मुंगीएवढे स्क्रू फिरवणारा हा माणूस शनिवार उजाडला की इथे येऊन फावडं हातात घ्यायचा आणि शीळ घालायचा. दुकानात त्याने कधी शीळ घातल्याचं कुणाला आठवत नाही.

"अगं, पण का?"

"दोन वर्षांत तुम्ही सतरा कामं काढलीत. पूर्ण झालेलं एक सांगा."

बायको शाळेची मुख्याध्यापिका असली की तिच्यासमोर खोटं बोलण्यात अर्थ नसतो. खुराड्याला चौथी भिंत नव्हती, झोपाळ्याला पाट नव्हता आणि स्वयंपाकघराचा रंग खिडकीपर्यंत येऊन थांबला होता. एक ना धड भाराभर चिंध्या. घड्याळजींनी इकडेतिकडे पाहिलं. कुंपणाच्या तोंडाशी फाटकाचा जुना, कुजलेला खांब आडवा पडला होता.

"उद्या अकराच्या आत तिथे नवा खांब उभा करून दाखवतो. मग तर नाही विकायची?"

"सरळ उभा?"

"एकदम सरळ."

"ठरलं," बाई म्हणाल्या. ही पैज आपणच जिंकणार याची त्यांना खात्री होती.

शनिवार खड्डा खणण्यात गेला. दुसऱ्या कुणी तासाभरात उरकला असता. पण घड्याळजींनी त्याच्या कडा करवतीच्या पात्याने तासल्या, तळ हाताने सारखा केला आणि चारही बाजू पुन्हा पुन्हा मोजल्या. नमनालाच घडाभर तेल गेलं, पण खड्डा मात्र असा देखणा झाला की तो बुजवायचा म्हणताना त्यांच्या जिवावर आलं.

रविवारी सात वाजता खांब खड्ड्यात उभा राहिला. "दोन मिनिटं धर," असं बाईंना सांगून त्यांनी भोवती सिमेंट ओतलं आणि मग, सवयीप्रमाणे, सिमेंटच्या पिशवीवरच्या सूचना वाचायला घेतल्या. अक्षरं बारीक होती. भिंग लावलं.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"चार तास हलवू नये."

"चार तास! अहो, टेकू लावा ना!"

"फळ्या सगळ्या खुराड्यात गेल्या."

"मग दोरीने बांधा!"

"दोरी गाडीच्या डिकीत आहे," म्हणत घड्याळजी खिसे चाचपू लागले. मग ते खड्ड्याकडे बघत राहिले. सिमेंट ओतायला वाकले तेव्हा वरच्या खिशातून काहीतरी निसटल्यासारखं वाटलं होतं खरं.

पुढचा पाऊण तास घड्याळजी जमिनीवर पालथे पडून चिमट्याने सिमेंटमधून गाडीची किल्ली शोधत होते. बाई खांबाला मिठी मारून वरून सूचना देत होत्या. किल्ली निघाली, पण तिच्यावर सिमेंटचा असा थर बसला होता की ती डिकीच्या कुलपात जाईना. घड्याळजी ती दाताच्या ब्रशने घासत बसले.

"दूध!" बाई एकदम ओरडल्या. "गॅसवर दूध ठेवलंय!"

घड्याळजी घराकडे धावले. आणि नेमक्या त्याच वेळी बाईंना शिंक आली. साधीसुधी नव्हे, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची तसली. खांब हलला. बाईंनी घाईघाईने तो मागे ओढला, एक डोळा मिटून पाहिलं, पुन्हा किंचित ढकलला. घड्याळजी दुधाचं रिकामं पातेलं घेऊन परत आले, तेव्हा बाई शहाण्या मुलीसारख्या उभ्या होत्या.

"हलला नाही ना?"

"छे! मी धरलाय म्हटल्यावर?"

दहा वाजता किल्ली कुलपात फिरली आणि डिकीतली दोरी मिळाली. पण तोवर बाईंनी दोरीला साफ नकार दिला. "इतका वेळ धरलाय तर आता पुरताच धरते. तुम्ही हात लावाल आणि वाकडा कराल," त्या म्हणाल्या. उन्हाने चेहरा लाल झाला होता, कोपरापर्यंत सिमेंट वाळलं होतं. तरी अकरा वाजले तशा हलक्या हाताने खांब सोडून त्या दोन पावलं मागे सरल्या. खांब उभा राहिला! बाई चक्क हसल्या.

घड्याळजींनी फाटक ओढून खांबाला लावून पाहिलं. खाली एक बोट फट, वर चार बोटं. त्यांचं तोंड उतरलं. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. काळा चष्मा लावलेले एक गृहस्थ उतरले आणि फाटकापाशीच थबकले.

"जागा छान आहे हो," ते म्हणाले. "हा खांब तेवढा वाकडा आहे. पण त्याचं काय, ट्रॅक्टरला बांधून एका हिसक्यात उपटून टाकू."

"काय म्हणालात?" बाईंचा आवाज शाळेचा झाला.

"उपटून…"

"एका हिसक्यात? चार तास धरलाय मी तो! आणि खालचा खड्डा कसा खणलाय, माहितीये? कडा बघितल्या असत्यात तर टोपी काढली असतीत! खांब सरळ आहे. आणि जागा विकायची नाहीये. या तुम्ही."

गृहस्थांनी टोपी घातलेली नव्हती, पण ते तत्काळ गेले. घड्याळजी आनंदाने इतके गोंधळले की बाजूला पडलेलं रिकामं पातेलं उचलून छातीशी धरून तसेच उभे राहिले. पण खोटं माप सहन करण्यातला तो माणूस नव्हे.

"अगं," ते भीत भीत म्हणाले, "सरळ असला तरच विकायची नाही, असं ठरलं होतं. आणि खरं सांगू का? जरासा वाकडाच आहे गं."

बाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि खांबावरून मायेने हात फिरवला.

"मग मान थोडी वाकडी करून बघा," त्या म्हणाल्या.