लोकवाट्यातला गेमिंग संगणक

भोवरवाडीच्या दीक्षा ओव्हाळला एक संगणक घ्यायचा होता, आणि ही बाब सुरुवातीला पूर्णपणे खासगी स्वरूपाची होती.

दीक्षा सत्तावीस वर्षांची. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत, प्रयोगशाळेत, तीन पाळ्यांत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी ती संगणकावर गोळीबाराचा एक गेम खेळायची, आणि इतका चांगला खेळायची की तिच्या पाच जणींच्या संघाची राज्याच्या अंतिम फेरीसाठी निवड झाली. फेरी ऑनलाइन होती. जिने तिने आपापल्या मशिनवर खेळायचं. अडचण एवढीच, की दीक्षाचा जुना लॅपटॉप फार विचार करायचा. शत्रू पडद्यावर दिसायचा तोवर दीक्षा मेलेली असायची.

म्हणून सलग तीन सुट्ट्या ती दौंडला नवनाथच्या दुकानात जाऊन बसली. नवनाथ सुटे भाग जुळवून संगणक बांधून द्यायचा, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको ते मारण्याचा त्याला मनापासून कंटाळा होता.

"ताई, गणित एकच," तो म्हणाला. "गेम खेळायचा तर निम्म्याच्या आसपास पैसा ग्राफिक्स कार्डात घाला. रंगीत दिवे वरातीला लागतात."

मग यादी झाली. आधी पंच्याऐंशी हजारांचं कार्ड. त्याला पुरेल असा बत्तीस हजारांचा प्रोसेसर. त्या प्रोसेसरला बसेल असाच मदरबोर्ड. कार्डाची भूक भागेल एवढा पॉवर सप्लाय. प्रोसेसर तापू नये म्हणून कूलर. कार्ड तेहेतीस सेंटीमीटर लांब, म्हणून दीक्षाने शिंप्याकडची टेप आणून दुकानातल्या प्रत्येक कॅबिनेटची, म्हणजे हे सगळं ज्यात बसवतात त्या पेटीची, आतून मापं घेतली. रॅम, साठवणीची डिस्क आणि मॉनिटर धरून बेरीज झाली दोन लाख दहा हजार. दीक्षाकडे ओव्हरटाइमचे साठलेले नव्वद हजार होते.

"नव्वदात पण फायनल खेळता येईल असं मशिन देतो," नवनाथ म्हणाला. "एक पायरी खालचं कार्ड घ्या. बाकीचं पुढं बदलत राहू."

दीक्षाने होकार दिला. पैसे सोमवारी द्यायचे ठरले. रविवारी तालुक्याच्या साप्ताहिकात 'भोवरवाडीच्या कन्येची गगनभरारी' अशी बातमी छापून आली आणि सरपंच जालिंदरआप्पा शाल घेऊन दारात उभे राहिले.

"पोरी, गावानं तुझ्यासाठी काय केलं, आसं उद्या कुणी इचारलं तर आमी काय सांगायचं?"

"काही नाही केलं असं सांगा की, आप्पा."

"तेवढंच तर सांगता येत न्हाई," आप्पा गंभीरपणे म्हणाले.

पुढच्याच ग्रामसभेत क्रीडा साहित्य या सदराखाली 'एक नग उच्च प्रतीचा गेमिंग संगणक' खरेदी करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. ग्रामपंचायतीचे एक लाख वीस हजार, बाकीचा लोकवाटा. लोक म्हणजे कोण, असा प्रश्न निघाला. नियमात पाहिलं तर लोक म्हणजे लाभार्थी, आणि लाभार्थी एकच होती.

दीक्षाची आई भागुबाई चुलीपुढून म्हणाली, "पैसं तू गावाला देनार आन् वस्तू गाव तुला देनार. मंग मधी गाव कशाला?"

"आई, तेच मोठं कार्ड मिळेल. पंच्याऐंशीचं."

खरं सांगायचं तर त्या कार्डाने तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. तिने नव्वद हजार भरले, पावती घेतली आणि पावतीचा फोटो काढून तो दोनदा मोठ्या आनंदाने पाहिला.

ग्रामपंचायतीच्या कामकाजाची जबाबदारी अनुपमा मॅडमकडे होती. बाई हुशार, प्रामाणिक आणि लेखापरीक्षणाला अतिशय घाबरणाऱ्या. त्यांनी यादी वाचली आणि चष्मा काढला.

"नऊच्या नऊ वस्तू एकाच दुकानातून? ह्याला संगनमत म्हणतात. प्रत्येक वस्तूची वेगळी निविदा निघेल. ज्याचा दर कमी त्याची वस्तू."

"पण मॅडम, ते भाग एकमेकांना बसायला हवेत."

"एकमेकांना बसण्याबाबत नियमांत तरतूद नाही."

दर आले. कॅबिनेटचा सर्वांत कमी दर गावच्याच मल्हारीने दिला. त्याचा लोखंडी कपाटांचा धंदा होता. साडेसहा फूट उंच, दोन दारं, आत लॉकर. दीक्षा धावत गेली.

"मल्हारीमामा, मला तेहेतीस सेंटीमीटरचं कार्ड ठेवायचंय!"

"आगं, यात तू सवता उभी ऱ्हाशील," मल्हारी अभिमानाने म्हणाला. "कार्डाचं काय घिऊन बसलीस?"

कूलरचा कमी दर शिरूरहून आला. खाली पाण्याची टाकी, मागे वाळ्याचे पडदे. दीक्षाने अनुपमा मॅडमना मोबाइलवर खऱ्या कूलरचं चित्र दाखवलं. मॅडमनी ते नीट पाहिलं.

"मला कळतंय, दीक्षा. तुम्हालाही कळतंय. पण लेखापरीक्षकांना कळायला नको का? दरसूचीत कूलर एकच आहे."

पॉवर सप्लाय रद्द झाला, कारण संगणक ज्या शाळेत ठेवायचा ठरलं होतं तिथे विजेचा सप्लाय आधीच होता आणि बिलही ग्रामपंचायतच भरत होती. असलेली गोष्ट पुन्हा विकत घेणं म्हणजे अपव्यय. मदरबोर्डाचा विषय नाजूक निघाला. नावात मदर आल्यामुळे तो महिला व बालकल्याणच्या निधीत गेला, आणि त्या निधीतून नुकतीच शिलाई यंत्रं घेतलेली असल्याने पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलला गेला. प्रोसेसर मात्र अगदी खरा आला. तो बसवायला जागा नसल्याने मल्हारीच्या कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवून किल्ली आप्पांनी करगोट्याला बांधली.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. पंच्याऐंशी हजारांच्या वस्तूला एका छापखान्याने साडेतीन हजारांचा दर दिला, तेव्हा सदस्यांना अश्रू आवरेनात. एका फटक्यात साडेएक्याऐंशी हजारांची बचत! चार दिवसांनी कार्डं आली. पाचशे नग, चौरंगी ग्राफिक्स, वर गणपती, खाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'.

"छापलीच हायती, तर उद्घाटन घ्यावंच लागंल," आप्पा म्हणाले. बचतीतून मंडप ठरला.

दीक्षाने पैसे परत मागितले. आप्पांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी नियमांकडे पाहिलं. लोकवाटा परत देण्याची तरतूद नव्हती, कारण तो परत मागणारे लोक आजवर झालेच नव्हते. घरी येऊन दीक्षाने फोनमधला पावतीचा फोटो पुसून टाकला. भागुबाईने तिला चहा दिला.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. ऊन होतं, पण कूलर उत्तम चालला. संगणकाचा तो एकमेव चालणारा भाग होता. कपाटावर मॉनिटर ठेवला होता आणि मॉनिटरवर काहीच येत नसल्यामुळे त्याला झेंडूचा हार घातला होता. पाहुण्यांनी फीत कापली, कपाटाचं दार उघडलं, आत पाहिलं आणि अत्यंत प्रसन्न होऊन म्हणाले, "भरपूर मेमरी आहे!"

दीक्षाच्या हातात माउस दिला. माउसची तार कपाटाच्या मुठीला गुंडाळली. फोटो निघाला.

अंतिम फेरीच्या दिवशी दीक्षाने रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने दौंड गाठलं. नवनाथने एका गिऱ्हाइकासाठी नवीन मशिन बांधलं होतं. त्या गिऱ्हाइकाला फोन करून, विनवून, त्याने चार तासांची मुभा मिळवली. दुकानाचं शटर अर्धं ओढून दीक्षा खेळली. पहिल्यांदाच शत्रू तिला मरण्यापूर्वी दिसत होते. मधेच एक जण शटरखालून वाकून प्रिंटरची शाई मागून गेला, तरी तिची नजर हलली नाही. संघ राज्यात दुसरा आला. तिने हेडफोन काढले. नवनाथने पेढे मागवले, आणि भाडं म्हणून एक पैसा घेतला नाही.

ती गावात उतरली तर स्टँडवर फ्लेक्स लागलेला. 'ग्रामपंचायतीने दिलेल्या अत्याधुनिक संगणकाच्या बळावर राज्यात दुसरी!' फ्लेक्सवर अकरा चेहरे होते. दीक्षाचा बारावा, कोपऱ्यात.

ती तडक आप्पांकडे गेली. "आप्पा, त्या कपाटावर मी एक मिनिट खेळले नाही. मी दौंडला खेळले."

"व्हय. का गेलीस दौंडला?"

"कारण हा संगणक चालत नाही!"

"झालं तर मग," आप्पा शांतपणे म्हणाले. "चालला आसता तर गेली आसतीस व्हय? ह्याच्यामुळंच तर गेलीस."

महिन्याभरात आजूबाजूच्या सात गावांनी 'भोवरवाडी पॅटर्न'चे ठराव केले. मल्हारीने दोन वेल्डर वाढवले. दीक्षाने तालुक्याच्या ग्रुपवर सगळी हकीकत लिहून टाकली. 'चांगल्या कामात खोट काढू नये' असा अभिप्राय मिळून ती ग्रुपमधून बाहेर निघाली, म्हणजे काढली गेली.

उद्घाटनाचा फोटो मात्र फिरतच राहिला. या गटातून त्या गटात जाता जाता त्याला चौदाशे पसंत्या मिळाल्या. फोटो तसा स्वच्छ आहे. दोन बोटांनी जरा मोठा केला की कपाटाच्या दारावर 'मल्हारी स्टील फर्निचर' ही अक्षरं दिसतात, आणि कूलरमध्ये सोडलेला पाण्याचा पाइपही. पण चौदाशेपैकी एकानेही दोन बोटं वापरली नाहीत. सगळ्यांनी फक्त अंगठा लावला.

त्यात आपला कितवा, ते फोन उघडून पाहून घ्यावं.